तुमचे प्रश्न : सरोजिनीबाई गायच्या का हो?

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की १३ फेब्रुवारी हा सरोजिनी नायडूंचा जन्मदिवस आपल्याकडे राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळतात. बास, एवढी एकच ओळ. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं पान बाईंनाच दिलंय. उन्हाळी वाळवणाचे आणि मुलांच्या मोबाईलचे प्रश्न ज्यांनी पाठवलेत त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेते.

माझी मुलगी पाचवीत आहे, तिला शाळेत "भारताची कोकिळा" यावर भाषण करायचंय. पाठ करता करता मधेच थांबून म्हणाली, आई, ह्या गायच्या का गं? मी हो म्हणून मोकळी झाले, आता मलाच शंका येतेय. (एक आई, बारामती)

नाही हो ताई, गायच्या नाहीत. इंग्रजीत कविता लिहायच्या आणि भाषणं करायच्या, आणि त्या बोलायला उभ्या राहिल्या की सभा गप्प व्हायची म्हणून ते नाव पडलं. पण मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, तिला शाबासकी द्या. आमच्या शाळेत भिंतीवर थोर महिलांचा तक्ता होता, त्यात जिजाऊंच्या हातात तलवार, सावित्रीबाईंच्या हातात पुस्तक आणि सरोजिनी नायडूंच्या चित्राखाली नुसतं "कोकिळा", त्यामुळे सातवीपर्यंत मी त्यांना लताबाईंच्या आधीच्या कुणीतरी गायिका समजत होते.

आणि गंमत बघा, इंग्रजीत नाइटिंगेल, उर्दूत बुलबुल, मराठीत कोकिळा, हे तीन वेगळेच पक्षी आहेत. त्यातून कुहूकुहू करतो तो नर असतो, कोकीळ, कोकिळा नाहीच. म्हणजे नावात तसा काही अर्थ नाही.

बाईंना स्वतःला त्या नावाची चेष्टा करायला आवडायची. ११ डिसेंबर १९४६, दिल्लीत घटना समितीचं काम नुकतंच सुरू झालेलं, राजेंद्रप्रसादांची अध्यक्ष म्हणून निवड झालेली आणि अभिनंदनाची भाषणं चाललेली. डॉ. सच्चिदानंद सिन्हांनी पुकारा केला की आता बुलबुल-ए-हिंद गद्यात नाही तर पद्यात बोलतील. बाई उठल्या आणि पहिलंच वाक्य काय, तर तुम्ही मला बोलावायची ही रीत घटनेला धरून नाही! देशाला अजून घटनाच नव्हती आणि ती लिहायलाच तर सगळे जमले होते. मुलीच्या भाषणात हा किस्सा टाका, बाकीच्या मुलांची भाषणं सगळी एकसारखी असणार आहेत.

आमचे आजोबा म्हणायचे सरोजिनी आपल्या निजाम राज्यातली, हैदराबादची. मुलगा गूगल करून म्हणतो ती बंगाली. आडनाव तर तेलुगू. नक्की कोण? (एक वाचक, नांदेड)

तिघंही बरोबर. तेलुगू आडनाव नवऱ्याचं, ते पुढे येतंच. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय, बंगाली, एडिंबरोहून विज्ञानातली डॉक्टरेट करून आलेले. निजामाने त्यांना हैदराबादला बोलावलं आणि त्यांनी तिथे जे कॉलेज उभं केलं ते पुढचं निजाम कॉलेज. सरोजिनीबाई तिथेच १८७९ साली जन्मल्या, आठ भावंडांत थोरल्या. तुमचं नांदेड त्या वेळी त्याच राज्यात, तेव्हा आजोबांचा हक्क पक्का आहे.

वडील म्हणजे नुसते पुस्तकी प्रोफेसर नव्हते बरं का. १८८३ मध्ये चांद्याच्या, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या बाजूला जाणाऱ्या रेल्वेची भानगड गाजली होती. या व्यवहाराची माहिती लोकांना द्या असं म्हणणाऱ्यांत अघोरनाथ पुढे होते, तर त्यांना राज्याबाहेरच काढलं होतं. नंतर परत बोलावलं ते सोडा. मुलगी तेव्हा चार वर्षांची. घरात काय वारं होतं ते यावरून कळतं.

भावंडंही एकेक नमुने. वीरेंद्रनाथ युरोपात राहून सशस्त्र क्रांतीच्या मागे लागले, बर्लिनमध्ये होते, पुढे रशियात गेले आणि १९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत मारले गेले. धाकटे हरींद्रनाथ कवी आणि नट, जुन्या हिंदी पिक्चरमधले ते पांढऱ्या केसांचे मिश्कील आजोबा आठवतात ना, तेच. त्यांची तेव्हाची बायको कमलादेवी, ती या पानावर पुढे येणारच आहे.

भाषेचा किस्सा सांगते. लहानपणी ही मुलगी इंग्रजी बोलायचंच नाही म्हणून हटून बसली होती. नऊ वर्षांची असताना वडिलांनी दिवसभर एका खोलीत कोंडून ठेवलं, बाई स्वतःच लिहितात की आयुष्यात तेवढी एकच शिक्षा झाली, आणि बाहेर आली ती इंग्रजी बोलतच, त्यानंतर वडिलांशी कायम इंग्रजी. आई मात्र लेकीशी हिंदुस्तानीत बोलायची. म्हणजे बंगाली घर, घरात हिंदुस्तानी आणि इंग्रजी, रस्त्यावर उर्दू आणि तेलुगू. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना हे काही नवीन वाटणार नाही.

मी एम.ए. इंग्लिशला आहे. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की सरोजिनी नायडूंच्या कविता आता वाचवत नाहीत, फार गोडगोड आहेत. तुमचं मत? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

सर अर्धे बरोबर आहेत. तुझ्या सरांशी भांडायची इच्छा नाही, तुझे मार्क त्यांच्या हातात आहेत.

त्या कविता गोड आहेतच. यमकं टुणटुणीत, विशेषणांची रेलचेल, आणि सतीवर लिहिलेली कविता तर आज वाचताना मला अस्वस्थ व्हायला होतं. पण त्या कशा झाल्या ते समजून घे. वडिलांना ही गणिती किंवा शास्त्रज्ञ व्हायला हवी होती. अकराव्या वर्षी बीजगणिताचं एक उदाहरण सुटेना म्हणून उसासे टाकत बसली असताना त्या जागी अचानक अख्खी कविताच आली, असं बाईंनीच लिहिलंय. बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक, तीही पहिल्या नंबराने. तेराव्या वर्षी सहा दिवसांत तेराशे ओळींचं काव्य. मग १८९५ मध्ये निजामाच्या स्कॉलरशिपवर इंग्लंड, आधी लंडनचं किंग्ज कॉलेज आणि नंतर केंब्रिजचं गर्टन. तिथे एडमंड गॉस नावाच्या बड्या समीक्षकाला तिने कविता दाखवल्या, सगळ्या इंग्रजी पक्ष्यांच्या आणि इंग्रजी खेड्यातल्या चर्चच्या घंटांच्या. त्याने सरळ सांगितलं की ही नक्कल फेकून दे, आम्हाला तुझ्या दख्खनचं काहीतरी दे. पोरगी सोळा-सतरा वर्षांची. तिने खरंच फेकून दिल्या!

आता यात एक मेख आहे. गॉसला हवा होता तो "त्यांच्या" डोळ्यांना दिसणारा भारत, मेणे, भोई, गारुडी, अत्तर. बाईंनी तो दिला, आणि छान दिला, १९०५ चं पहिलं पुस्तक लंडनमध्ये गाजलं ते त्यामुळेच. पण तू विणकरांवरची कविता परत वाच. तीनच कडवी. पहाटे विणतायत ते बाळाचं अंगडं, संध्याकाळी विणतायत ती राणीची लग्नातली ओढणी, आणि रात्री गारठ्यात, चांदण्यात, गप्प बसून विणतायत ते प्रेतावरचं वस्त्र. एकही शब्द वर नाही. माझी आजी इचलकरंजीची, घरात माग होता, तिला मी ही मराठीत सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरोबर आहे, सूत तेच असतंय." सरांना हे सांग.

आणि १९१५ ची ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांवरची कविता. वरवर साम्राज्याची सेवा वाटते पण बोलणारी आई आहे, माझी पोरं तुमच्या लढायांत गाडली गेली त्याचा हिशोब ठेवा असं ती बजावतेय. ती काही गोड नाही.

गोखल्यांचं आणि त्यांचं काय नातं होतं? आमच्या वडिलांकडून काहीतरी अर्धवट ऐकलं होतं. (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, हा प्रश्न रत्नागिरीहूनच यायला हवा होता, गोखले तुमच्या जिल्ह्यातल्या कोतळूकचे.

गांधीजींच्या आधी बाईंचे राजकारणातले गुरू म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. १९०६ मध्ये कलकत्त्याला त्यांचं भाषण ऐकून गोखल्यांनी कौतुकाची चिठ्ठी पाठवली, तिथून ओळख. पुढे एकदा रात्री गच्चीवर बोलताना गोखले म्हणाले की इथे माझ्याजवळ उभी रहा आणि तारे आणि डोंगर साक्षी ठेवून तुझं गाणं, तुझं बोलणं, तुझं स्वप्न सगळं या देशाला देऊन टाक. गोखले म्हणजे आपल्या डोक्यात हिशोबी, मवाळ, बजेटवर भाषण करणारे. ते असं बोलले हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

आणि वडिलांनी सांगितलेलं अर्धवट बहुतेक हे असावं. बाईंची तब्येत कायम नाजूक, हृदयाचं दुखणं. गोखल्यांनी एकदा विचारलं, तुझ्यासारख्या गाणाऱ्या पाखराचा पंख मोडका का असावा? बाईंनी त्या प्रश्नालाच कवितेत उत्तर दिलं, प्रश्न गोखल्यांच्या नावानिशी वर छापला, आणि १९१७ मध्ये आलेल्या पुस्तकालाही तेच नाव दिलं, मोडका पंख. गोखले तोवर गेले होते, फेब्रुवारी १९१५ मध्येच. त्याच पुस्तकात त्यांच्यावर श्रद्धांजलीची कविताही आहे. एका मराठी माणसाच्या प्रश्नावरून नाव पडलेलं इंग्रजी कवितेचं पुस्तक, आणि आपल्याकडे हे कुणाच्या गावीही नाही.

लग्न जातीबाहेर झालं होतं ना? आणि मग चार मुलं टाकून देशभर हिंडल्या, नवरा काही बोलला नाही का? राग मानू नका, प्रामाणिक प्रश्न आहे. (एक गृहिणी, नाशिक)

राग कसला. हो, जातीबाहेर आणि प्रांताबाहेरही. डॉ. गोविंदराजुलू नायडू, तेलुगू, ब्राह्मण नाहीत, ही बंगाली ब्राह्मणाची मुलगी. ओळख झाली तेव्हा मुलगी अगदीच लहान होती, पंधरा-सोळाची, त्यामुळे घरच्यांचा विरोध होता आणि इंग्लंडला पाठवण्यामागे हे पण एक कारण होतं. तीन वर्षांनी परत आली आणि १८९८ च्या डिसेंबरात मद्रासला त्याच माणसाशी लग्न केलं, ब्राह्मो समाजाच्या पद्धतीने, १८७२ च्या विवाह कायद्याखाली. लग्न लावायला कंदुकुरी वीरेशलिंगम पंतुलू, म्हणजे आंध्रात विधवाविवाह लावून देणारे मोठे सुधारक. आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी लावून द्यावं तसं समजा.

मुलं चार, जयसूर्य, पद्मजा, रणधीर, लीलामणी. नवरा हैदराबादेत डॉक्टर, घर तिथेच, आणि घराला बाईंच्या पहिल्या पुस्तकाचं नाव. टाकून वगैरे नाही हो, पत्रांचा नुसता पाऊस असायचा मुलांना. पण तुम्ही विचारताय ते खरंय की महिनेन् महिने घरी नसायच्या, मुंबईत असल्या की ताजमहाल हॉटेलात खोली, तिथेच त्यांचा दरबार. हे सगळ्यांना झेपलं असेल असं मी म्हणणार नाही. मुलांना आई कमी मिळालीच. पण पद्मजा पुढे आईच्याच वाटेने गेली, त्यावरून मी माझा अंदाज बांधते.

शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात आमचे पणजोबा होते असं घरात सांगतात. त्याच वेळी गुजरातेत सरोजिनी नायडू होत्या का? त्यांनी लाठ्या खाल्ल्या का? (एक वाचक, वेंगुर्ला)

पणजोबांना नमस्कार. शिरोडं मे १९३० चं आणि धारासनाही मे १९३० चंच, म्हणजे तुमच्याकडे मीठ उचलत होते तेव्हा तिकडे वलसाडजवळच्या मिठागरावर काय चाललं होतं ते सविस्तर सांगते. माझ्या मते बाईंचं आयुष्य एका प्रसंगात बघायचं असेल तर तो हा.

आधी एक मागची गोष्ट. दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी बायकांना बरोबर घेतलं नव्हतं, म्हणजे साबरमतीहून निघालेल्या त्या तुकडीत एकही बाई नाही. यावर भांडायला कमलादेवी गेल्या, वर सांगितली ती हरींद्रनाथांची बायको. सरोजिनीबाई शेवटच्या टप्प्यात जाऊन मिळाल्या आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर हजर होत्या.

५ मेला मध्यरात्री गांधीजींना पकडलं. मग धारासनाचं पुढारपण अब्बास तय्यबजींकडे, वय पंचाहत्तरच्या पुढे, निवृत्त न्यायाधीश. त्यांनाही पकडलं. मग पाळी आली सरोजिनीबाईंची. एक्कावन्न वर्षांची, अंगाने जाड, हृदयाची पेशंट असलेली, रेशमी साड्यांची आणि चांगल्या जेवणाची शौकीन बाई. पहिल्यांदा निघाल्या तेव्हा पोलिसांनी रस्त्यातच अडवलं, पुढेही जाऊ देईनात आणि पकडेनातही. बाईंनी खुर्ची मागवली आणि भर मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर ठाण मांडलं, एका दिवसाहून जास्त! पत्रं लिहितायत, सूत कातताहेत, पोलिसांशी गप्पा मारतायत.

मग २१ मेची सकाळ. अडीच हजाराच्या आसपास स्वयंसेवक. मिठागराभोवती काटेरी तारा, पाण्याने भरलेले चर, पलीकडे सुमारे चारशे पोलीस, हातात लोखंडी टोकाच्या लाठ्या. बाईंनी आधी प्रार्थना घेतली आणि मग सांगितलं, गांधींचं शरीर तुरुंगात आहे पण आत्मा तुमच्याजवळ आहे, देशाची अब्रू तुमच्या हातात आहे, तुम्हाला मारतील, तरी उलट मारायचं नाही आणि घाव चुकवायला हातसुद्धा वर करायचा नाही.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. हातसुद्धा वर करायचा नाही. डोक्यावर काही पडायला लागलं की हात आपोआप वर जातो, ते आपण ठरवून करत नाही. तो हात खाली ठेवा असं अडीच हजार माणसांना सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं, ह्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. रांगा पुढे जात राहिल्या, लाठ्या डोक्यावर पडत राहिल्या, खाली पडलेल्यांना उचलून नेलं की पुढची रांग. वेब मिलर नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे उभा होता. त्याने नंतर तात्पुरत्या दवाखान्यात जाऊन जखमी मोजले, ३२० भरले, दोन जण मेले होते. त्याची बातमी जगभरच्या पेपरांत छापून आली आणि ब्रिटिश राज्य सभ्य आहे या म्हणण्याची तिथे पार लाज गेली.

बाईंना लाठी लागली नाही, अटक झाली. एका पोलीस अधिकाऱ्याने पकडायला हात दंडाला लावला तर त्यांनी तो झटकला, म्हणाल्या येते मी, पण हात लावू नका. मग येरवडा, जानेवारी १९३१ पर्यंत.

गांधीजींना त्या "मिकी माउस" म्हणायच्या हे खरं आहे का? नातवाने व्हॉट्सअॅपवर दाखवलं, मला पटेना. (आजी, ठाणे)

पटवून घ्या आजी, खरंय. गांधीजींचे कान बघा ना जरा! तेही काही कमी नव्हते, पत्रात यांना बुलबुल, कधी मीराबाई, कधी अम्माजान लिहायचे.

पहिली भेटच तशी झाली. लंडन, ऑगस्ट १९१४, महायुद्ध नुकतंच पेटलेलं. बाई पत्ता शोधत एका जुनाट घराचे जिने चढून गेल्या तर दार सताड उघडं, आत जमिनीवर घोंगडी टाकून एक टक्कल केलेला बारकासा माणूस बसलाय आणि तुरुंगातल्या लाकडी वाडग्यातून कुस्करलेले टोमॅटो ऑलिव्ह तेल घालून खातोय. बाईंना हसू आवरेना. त्यांनी वर बघितलं आणि तेही हसले, म्हणाले तुम्ही सरोजिनी नायडूच असणार, इतका आगाऊपणा दुसरं कोण करणार, या जेवायला. बाई वाडग्याकडे बघून म्हणाल्या, नको, काय घाणेरडं दिसतंय ते! तेहतीस वर्षांची मैत्री अशी सुरू झाली.

बापूंना गरिबीत ठेवायला आम्हाला किती खर्च येतो हे बापूंना कळलं तर, असंही त्या म्हणायच्या अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मला त्यातलं हे आवडतं की ज्यांच्यासाठी तुरुंगात गेल्या त्यांनाच तोंडावर असं बोलायच्या. आजकाल आपल्या वॉर्डातल्या नेत्याला कुणी बोलून दाखवावं.

महिला आरक्षणाची मागणी पहिल्यांदा त्यांनीच केली ना? (सरपंच, सातारा जिल्हा)

उलटं आहे ताई. मत द्यायचा हक्क मागितला, तोही फार लवकर. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले तेव्हा बायकांचं शिष्टमंडळ घेऊन बाईच गेल्या होत्या. पण राखीव जागा त्यांना नको होत्या. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी आणि बेगम शाहनवाझ यांनी मिळून निवेदन दिलं, त्यात स्पष्ट होतं की बायकांना खास सवलत नको, सगळ्यांना सारखा मताधिकार द्या.

इथे माझं आणि बाईंचं जमत नाही. ज्यांच्या घरी वडील डॉक्टरेट, नवरा डॉक्टर आणि निजामाची स्कॉलरशिप, त्यांना सवलत नको म्हणायला काय जातं. तुम्ही आज सरपंच आहात त्या खुर्चीवर महिलांचं आरक्षण होतं की नाही ते मला माहीत नाही, पण आसपासच्या दहा गावांत विचारा. १९२५ च्या कानपूर काँग्रेसच्या त्या अध्यक्ष होत्या, पहिल्या भारतीय स्त्री, कारण त्यांच्या आधीच्या अॅनी बेझंट आयरिश वंशाच्या इंग्लिश बाई. पुढचं नाव म्हणजे १९३३ च्या नेली सेनगुप्ता, त्याही जन्माने इंग्लिश! स्वातंत्र्य मिळेपर्यंत दुसरी भारतीय बाई त्या खुर्चीवर बसली नाही. कोटा नको म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

आम्ही न्यू जर्सीत असतो, मे महिन्यात पुण्याला येतोय. मुलांना सरोजिनी नायडूंशी संबंधित काही दाखवता येईल का? (मूळचे पुणेकर)

येईल की. नगर रोडवरचा आगाखान पॅलेस. गेला असाल लहानपणी सहलीला, पण तेव्हा आपण फक्त पुऱ्या-बटाट्याची भाजी खाऊन आलेलो असतो. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत सगळ्यांना पकडलं तेव्हा गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनीबाई यांना इथे आणलं, नंतर कस्तुरबाही आल्या. आठवड्याच्या आत, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. बाई तिथेच होत्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास केला तेव्हाही होत्या, मग स्वतःच मलेरियाने आजारी पडल्या आणि मार्चमध्ये सरकारने सोडून दिलं. कस्तुरबा वर्षभराने तिथेच वारल्या. महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या बाजूलाच आहेत, मुलांना तिथे थोडं शांत बसवा.

तिथून जवळच येरवडा तुरुंग. आत जाता येणार नाही, पण बाहेरून जाताना सांगा की १९३२ च्या सप्टेंबरात आतल्या एका आंब्याच्या झाडाखाली खाट टाकून गांधीजींचा उपास चालला होता, बाई त्याच तुरुंगात कैदी, आणि भेटायला कोण येणार, किती वेळ बसणार, हे सगळं त्यांनी हातात घेतलं होतं. बाबासाहेबांबरोबरच्या वाटाघाटी त्याच झाडाखाली झाल्या. पुणे करार २४ सप्टेंबरचा.

आणि वर जो घटना समितीचा किस्सा सांगितला ना, त्याच भाषणात चेष्टा संपल्यावर बाईंनी बाबासाहेबांचं नाव घेतलं होतं. माझे मित्र डॉ. आंबेडकर आज कडवट झालेत पण लवकरच या सभेचे ते सगळ्यात जोरदार पाठीराखे होतील अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. डिसेंबर १९४६! पुढच्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

१९१७ नंतर त्यांचं नव्या कवितांचं पुस्तक आलं नाही असं वाचलं. देशासाठी कविता सोडावी लागली याचं त्यांना वाईट वाटलं असेल का? मी पण लग्नानंतर लिहिणं सोडलंय म्हणून विचारते. (नाव नको, अकोला)

तुझा प्रश्न शेवटी ठेवला कारण दोन दिवस त्याचं उत्तर सुचत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच दिवशी त्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आताच्या यूपीच्या, राज्यपाल झाल्या, देशातल्या पहिल्या बाई राज्यपाल. त्यावर त्यांचं म्हणणं काय तर रानातलं पाखरू पिंजऱ्यात घातलंय. पाखरू हा शब्द काही सुटला नाही बघ. लखनौच्या राजभवनातच २ मार्च १९४९ ला गेल्या, गांधीजींनंतर वर्षभराने.

पण कविता सोडली होती हे काही खरं नाही. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी कविता लिहिल्या होत्या, अध्यक्षपद होऊन गेल्यावर, सभा आणि दौऱ्यांच्या मधल्या वेळात, आणि कुणाला न दाखवता ठेवून दिल्या होत्या. त्या पद्मजाने पुस्तक करून छापल्या १९६१ मध्ये. लेक तेव्हा पश्चिम बंगालची राज्यपाल होती.

तुझी वही कुठे ठेवलीयस ते मला कळव.